०.३५ ने भागलं आणि उत्तर वाढलं

काट्यावर ०.३५ किलो द्राक्षं तोलली, चिठ्ठीवर आले ४२ रुपये. भाव छापलेला, पण पुसट. किलोला किती पडले असतील? माहीत नाही, म्हणून तूर्त त्याला ‘क्ष’ म्हणू.

०.३५ क्ष = ४२

भास्कराचार्यांच्या बीजगणितात (इ.स. ११५०) अशा अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ म्हटलं आहे, म्हणजे ‘जितकं असेल तितकं’. लिहिताना त्याचं नुसतं ‘या’ होई. मला ‘क्ष’पेक्षा हे नाव जास्त आवडतं, कारण समीकरणाचा अर्थच त्यात आहे: भाव जितका असेल तितका, त्याची ०.३५ पट ४२ भरते.

गुणाकाराने अडकलेला क्ष भागाकाराने सुटतो. दोन्ही बाजूंना ०.३५ ने भागलं की क्ष = ४२ ÷ ०.३५. मुलं अडखळतात ती नेमकी इथे. ‘दशांशचिन्ह दोन घरं उजवीकडे सरकवा’ हे पाठ असतं, पण घाईत चिन्ह फक्त भाजकातलं सरकतं. मग ४२ ÷ ३५ = १.२. एक रुपया वीस पैसे किलोने द्राक्षं!

खरं तर सरकत काहीच नाही. तशीच शंभर पाकिटं घेतली असं समजा. वजन ३५ किलो, पैसे ४२०० रुपये. भाव मात्र तोच राहतो, कारण वजन आणि पैसे दोन्ही शंभरपट झाले. आता दशांशचिन्ह उरलंच नाही: ४२०० ÷ ३५ = १२०. द्राक्षं १२० रुपये किलो.

भागल्यावर ४२ चे १२० कसे झाले, हा प्रश्न ज्या मुलाला पडतो त्याचं मला कौतुक वाटतं. भागलं की संख्या लहान होते, हा समज पूर्ण संख्यांच्या सवयीतून येतो. भाजक एकाहून लहान असेल तर उलट घडतं. इथे हातात आहे किलोच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त माल. अख्ख्या किलोला पैसे जास्तच पडणार. पावकी, निमकी, पाऊणकी म्हणजे पाव, अर्धा, पाऊण यांचे पाढे पाठ असलेल्या पिढीला हे सांगावं लागत नसे. पाव किलोला ३० तर किलोला १२०, हे त्यांच्या तोंडी असे. ०.२५ क्ष = ३० सोडवताना आपणही तेच करतो, कारण ०.२५ ने भागणं म्हणजे चारने गुणणं.

आकडे अवघड झाले तरी रीत बदलत नाही. साडीवर ‘५.५ मीटर’ लिहिलेलं असतं. एक वार म्हणजे ०.९१४४ मीटर. मग साडी किती वार?

०.९१४४ क्ष = ५.५

भाजक एकाहून जरासाच लहान, म्हणून उत्तर ५.५ हून जरासंच मोठं यायला हवं. हा अंदाज आधी बांधावा; चुकलेलं दशांशचिन्ह त्यातच पकडलं जातं. भाजकात चिन्हानंतर चार अंक आहेत, म्हणून दोन्ही बाजू दहा हजारपट करू: ५५००० ÷ ९१४४ = सुमारे ६.०१. सहावारी!

आणि कुणी ८ मीटरचं लुगडं ‘नऊवारी’ म्हणून पुढे केलं, तर ८०००० ÷ ९१४४ करून पाहा. उत्तर येतं सुमारे ८.७५. काष्टा घालताना पाव वार कमी पडणार.