रोजच्या ऑफिसला डिझेलच परवडते?

‘रोज ऑफिसला जायचंय? मग डिझेलच घे,’ हा सल्ला 2012 सालचा. तेव्हा पेट्रोल-डिझेलमध्ये लिटरमागे तीसेक रुपयांचा फरक होता. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले नि फरक आटला. आता महिन्याला 500 किलोमीटर धावणाऱ्याचे हजारेक रुपये वाचतात. गाडी मात्र लाखभराने महाग, वर महाराष्ट्रात रोड टॅक्स 2 टक्के जास्त. म्हणजे वसुलीला दहाएक वर्षं!

खरी गोम सायलेन्सरच्या वाटेवर. बीएस-6 या प्रदूषण-नियमांत बसणाऱ्या डिझेल गाडीतला डीपीएफ नावाचा फिल्टर धुरातली काजळी अडवतो आणि ती जाळायला गाडी सलग, जरा वेगात पळावी लागते. पुण्यात कोथरूड ते डेक्कन रांगत गेलात तर काजळी साचते, डॅशबोर्डवर दिवा लागतो. रोज पुणे-लोणावळा करणाऱ्याने मात्र डिझेल खुशाल घ्यावं.