अवघड कोण, विद्यार्थी की विषय?

आरोग्यशिक्षणाच्या महाविद्यालयांत वरच्या वर्गातल्यांनी खालच्यांचा अभ्यास घ्यायचा, या पद्धतीचं आजचं रूप १९७३ सालापासूनचं. अमेरिकेतल्या मिसूरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेत तेव्हा वैद्यक, दंतवैद्यक आणि औषधनिर्माणशास्त्र या शाखांमधून अल्पसंख्य समाजांतल्या विद्यार्थ्यांची गळती होत होती. उपाय शोधायला सात हजार डॉलरचं अनुदान मिळालं आणि वाचनशिक्षणाच्या अभ्यासक डीॲना मार्टिन यांच्याकडे हे काम आलं. पहिला प्रयोग दंतमहाविद्यालयातल्या शरीररचनाशास्त्रावर झाला. नाव पडलं ‘सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन’, म्हणजे पूरक अध्यापन. रुक्षच.

कल्पना मात्र धारदार. एरवीचा प्रघात म्हणजे नापासांच्या काठावरचे हुडकायचे आणि जादा तासाला बसवायचे. ‘कच्चा’ हा शिक्का नको म्हणून गरजू नेमके फिरकत नसत. मार्टिन यांनी तो शिक्का विद्यार्थ्याऐवजी विषयावर मारला. जिथे ३० टक्के किंवा त्याहून जास्त मुलं तळाच्या श्रेणीत राहतात, नापास होतात किंवा विषयच सोडतात, तो विषय जोखमीचा. मग मदत सगळ्या वर्गाला खुली, सुरुवातीपासून, आणि ऐच्छिक. हुशारांनीही यावं.

हे जादा सत्र घेणारा वरच्या वर्गातला विद्यार्थी म्हणजे ‘लीडर’. तो तोच विषय उत्तम गुणांनी पास झालेला असतो. तरी तो पुन्हा वर्गात बसतो, टिपणं काढतो आणि मग सत्र घेतो. तिथे व्याख्यान द्यायचं नाही. हातातल्या नसांच्या जाळ्याबद्दल कुणी विचारलं, तर खडू विचारणाऱ्याच्याच हातात द्यायचा. उत्तर येत असताना गप्प बसणं सोपं नाही.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. पण तो दगड पुढच्याला आठवत असेल तरच. मुरलेल्या प्राध्यापकाला तो बहुधा आठवत नाही.

मुलांनी मुलांना शिकवणं तसं जुनंच. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल यांनी मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेत तेच केलं होतं. तिथे मोठी मुलं शिक्षकांची उणीव भरून काढत. इथे प्राध्यापक जागेवरच असतो.

१९८१ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्याने या पद्धतीला आदर्श उपक्रम म्हणून मान्यता दिली. पुढे ती ब्रिटन-ऑस्ट्रेलियात गेली. ऑस्ट्रेलियात तिला ‘पास’ (पीअर असिस्टेड स्टडी सेशन्स) म्हणतात. सत्रांना येणाऱ्यांचे गुण जास्त, हा दावा तेव्हापासून होतो. पण आपणहून येणारा मुळातच जिद्दीचा असतो, ही शंकाही तितकीच जुनी.