ठासणीची जुनी बंदूक भिंतीवर लावण्याआधी

वाड्याची वाटणी होते, माळ्यावरचे सामान खाली येते आणि गोणपाटात गुंडाळलेली पणजोबांची ठासणीची बंदूक हाती लागते. सोलापूर शहरातून, अक्कलकोट-बार्शीकडून असे ग्राहक जुन्या बंदुका जपण्याचे काम करणाऱ्या आमच्या दुकानात येतात आणि बहुतेकांचे पहिले वाक्य एकच असते, "नव्यासारखी चकचकीत करून द्या." आम्ही तसे करत नाही. का करत नाही, ते या पत्रकात सांगत आहोत.

हात लावण्याआधी

बंदूक भरलेलीच आहे असे धरून चाला. बार, म्हणजे दारू आणि गोळी, नळीच्या तोंडाकडून ठासलेला असतो, मागून उघडून पाहण्याची सोय नसते. काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक वर्षांनीही पेट घेते. नळीसमोर उभे राहू नका, घोडा ओढून पाहू नका, उष्णता किंवा ड्रिल जवळ नेऊ नका. आम्ही नळीत लाकडी काठी हलकेच सोडून आतली खोली मोजतो आणि तेवढेच माप बाहेरून धरतो. काठी कानाच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला बत्ती देण्याच्या छिद्राच्या, बरीच अलीकडे थांबली, तर आत काहीतरी ठासलेले आहे असे समजतो. मग काम तिथेच थांबते आणि पोलीस ठाण्याला कळवले जाते. बार काढण्याचा प्रयोग घरी कोणीही करू नये.

कागद

"एवढी जुनी आहे, परवाना कशाला?" हा समज चुकीचा आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या घडणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या हत्याराला सवलत आहे, पण दुरुस्ती करूनही ते बंदूक म्हणून वापरता येणार नसेल तरच. आजोबांच्या नावचा परवाना नातवाला आपोआप लागू होत नाही. शहरातल्यांनी पोलीस आयुक्तालयात आणि ग्रामीण भागातल्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयात आधी विचारावे. बंदूक गाडीवर टाकून थेट दुकानात आणू नका. फोटो आणि कागद घेऊन या. बंदूक चालती करून देण्याचे काम आम्ही घेत नाही. शंभर वर्षांपुढची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते, त्यामुळे परदेशातल्या मुलाकडे ती पाठवण्याचा विचारही मनात आणू नका.

गंज, आणि गंज नसलेले

नारिंगी, भुकटीसारखा, बोटाला लागणारा गंज जिवंत असतो. तो लोखंड खात राहतो. काळपट तपकिरी, घट्ट बसलेला थर मात्र त्या लोखंडाची कातडीच आहे. पहिला काढायचा, दुसरा राखायचा. आमच्या कामातले खरे कसब यातच आहे. पातळ तेल आणि अगदी बारीक स्टील वूल घेऊन आम्ही बोटभर जागा घासतो, पुसतो, भिंगाखाली पाहतो आणि मगच पुढे सरकतो. शेवटी मेणाचा पातळ हात देतो. वेळ लागतो, पण इथे घाईचा दुसरा रस्ता नाही.

एकदा आमच्याकडे आलेली तोड्याची, म्हणजे जळत्या वातीने बार पेटवायची, बंदूक आधीच कोणीतरी बफिंगच्या चाकावर धरली होती. दख्खनी नळ्यांत लोखंडाच्या पट्ट्या पिळून, ठोकून ज्या लहरी उठवतात, त्याला जौहर म्हणतात. त्या नळीवर तो जवळजवळ पुसला गेला होता. नळी आरशासारखी चमकत होती आणि आम्हाला फार वाईट वाटले, कारण गेलेले परत आणता येत नाही. सँडपेपर, तेजाब, क्रोम आणि फर्निचरचे पॉलिश या चारांना आमच्याकडे जागा नाही. पितळी पट्ट्या चिंच लावून देवाच्या भांड्यांसारख्या घासू नका. कोरलेली अक्षरे झिजतात. लॉकवर, म्हणजे घोडा बसवलेल्या लोखंडी पट्टीवर, मुकुट किंवा कंपनी सरकारचा उभा सिंह दिसला, तर तिथे कापडसुद्धा जोरात फिरवू नका.

चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या, कित्येक बंदुका पुढे, एकोणिसाव्या शतकात, टोपीच्या, म्हणजे घोड्याच्या ठोक्याने पेटणाऱ्या छोट्या धातूच्या टोपीवर चालणाऱ्या, करून घेतल्या गेल्या. "मूळ गारगोटीचा घोडा परत बसवा," असे कोणी सांगितले तर आम्ही नकार देतो. तो बदलही त्या बंदुकीच्या आयुष्यातलाच आहे. दस्त्याला पडलेली जुनी भेग आणि त्यावर कोणा गावच्या कारागिराने ठोकलेली पितळी पट्टीही आम्ही तशीच ठेवतो.

घरी गेल्यावर

सोलापूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. कोरड्या हवेत लाकूड आकसते. कूलरचा ओला झोत थेट पडला तर तेच लाकूड फुगते आणि लोखंड गंजते. म्हणून कूलरसमोरची, पश्चिमेची आणि स्वयंपाकघराला लागून असलेली भिंत टाळा. बंदूक आडवी, दोन आधारांवर ठेवा. आधारांना धुतलेले सुती कापड गुंडाळा. खिळ्याला किंवा साखळीला टांगू नका. नळी वर करून उभी ठेवली तर तेल ओघळून दस्त्यात मुरते आणि लाकूड मऊ पडते. हाताळताना हातमोजे घाला, घामातले मीठ बोटांचे ठसे गंजात उमटवते.

खंडेनवमीबद्दल मुद्दाम सांगतो. पूजा जरूर करा, ती घराची रीत आहे. पण हळद-कुंकू नळीवर वाहू नका आणि पाणी शिंपडू नका. कुंकू ओल धरते आणि त्याखाली दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत गंजाचे ठिपके उठतात. बंदुकीखाली पाट ठेवा, त्यावर खण पसरा, कुंकू आणि झेंडू पाटावर वाहा. संध्याकाळी कोरड्या मऊ कापडाने सगळी बंदूक एकदा पुसून घ्या.