हाताचं बीपी आणि फुप्फुसांचं बीपी

"पोरीला अजून मिठाचा कण चाखवला नाही, मग बीपी कुठनं आलं?" पलूसकडच्या एका आजींनी मला विचारलं. नात सातव्या महिन्यात झालेली, अडीच महिने काचेच्या पेटीत आणि ऑक्सिजनवर काढलेली. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाल्यावर डॉक्टर एवढंच म्हणाले होते, "फुप्फुसांचं बीपी वाढलंय." आजींना स्वतःला कित्येक वर्षं बीपीची गोळी चालू. त्यामुळे त्यांच्या मनात मीठ, ताण आणि हाताला बांधायचा पट्टा येणं साहजिक होतं. मिरजेत नवजात बाळांच्या विभागात सिस्टर म्हणून काम करताना हा घोळ मी सतत बघते. त्यात आईबापांचा दोष नाही. दोन वेगळ्या आजारांना आपण एकच नाव देऊन बसलोय.

ज्यानं उसाला दारं धरलीत त्याला हे लगेच कळतं. हृदयाचा डावा कप्पा म्हणजे म्हैसाळचा पंप. कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून जतपर्यंत न्यायचं तर जोर लागतो, तसं डोक्यापासून पायाच्या बोटापर्यंत रक्त पोचवायला डावा कप्पा मोठा दाब लावतो. हाताला पट्टा बांधून मोजतात तो हाच दाब, मोठ्या माणसात 120/80 च्या आसपास. उजव्या कप्प्याचं काम साधं. पाटातलं पाणी शेजारच्या वाफ्यात सोडावं तसं त्याला रक्त शेजारच्या फुप्फुसात सोडायचं असतं. तिथला सरासरी दाब 15 च्या आतबाहेर. म्हणून त्याची भिंतही पातळ.

आता वाफ्यांची तोंडंच बुजली तर? पाणी पाटात तुंबतं आणि बांधावर जोर येतो. फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या, जाड झाल्या किंवा मुळात कमी तयार झाल्या, की उजव्या कप्प्याला झेपत नसताना जोर लावावा लागतो. आधी त्याची भिंत जाड होते, मग कप्पा फुगतो आणि थकतो. तीन महिन्यांवरच्या मुलात हा सरासरी दाब 20 च्या वर गेला तर त्याला पल्मोनरी हायपरटेन्शन म्हणतात. 2018 पर्यंत ही रेघ 25 वर होती.

हे सगळं चालू असताना हाताचं बीपी अगदी नॉर्मल असू शकतं. एका बाबांनी घरच्या यंत्रावर दोन-तीनदा बघितलं, आकडा चांगला आला, म्हणून खूश होऊन औषध बंद केलं. तो आकडा डाव्या पंपाचा होता. उजवीकडचा दाब इकोवरून अंदाजानं काढतात. उजव्या कप्प्याची झडप किती जोरात गळते, दोन कप्प्यांमधली भिंत डावीकडे दबली आहे का, हे बघतात. नेमका आकडा हवा असेल तर हृदयात नळी घालून मोजावा लागतो. तरीही इकोच्या वेळी हाताचं बीपी घेतातच, कारण उजवीकडचा दाब त्या आकड्याच्या निम्म्यावर गेला आहे का, हे डॉक्टरांना बघायचं असतं.

मग या पोरीला हे झालं कशानं? तर फुप्फुसामुळे. पूर्ण दिवसांचं बाळ रडतं तेव्हा फुप्फुसं हवेनं भरतात, पोटात असताना आवळलेल्या रक्तवाहिन्या उघडतात आणि दाब पुढच्या काही दिवसांत, आठवड्यांत उतरत जातो. काही बाळांत, विशेषतः पोटातच शी करून ती श्वासात गेलेल्या बाळांत, हे उघडणंच होत नाही. ते संकट पहिल्या काही तासांचं, त्याचं नाव आणि इलाज वेगळे. आपल्या पोरीचं तसं नव्हतं. ती 28 व्या आठवड्यात आली. हवेचे फुगे अजून व्हायचे होते आणि त्यांच्याभोवतीचं रक्तवाहिन्यांचं जाळंही. वर व्हेंटिलेटर आणि ऑक्सिजन. जगवायला दोन्ही लागतात आणि कोवळ्या फुप्फुसाला दोन्हींचा त्रासही होतो. पोटातले दिवस धरून 36 आठवड्यांची झाली तरी ऑक्सिजन सुटला नाही, म्हणून फाइलवर बीपीडी लिहिलं गेलं. (या बीपीडीतल्या बीपीचा ब्लड प्रेशरशी संबंध नाही. ब्राँकोपल्मोनरी डिस्प्लेसिया या फुप्फुसाच्या आजाराचं ते छोटं नाव. घोळ आणखी वाढतो तो इथे.) बीपीडी मध्यम किंवा जोराचा असेल तर चारपाच बाळांतल्या एखाद्याला फुप्फुसांचं बीपी होतं, म्हणून इको न चुकता करायचा.

या दोन बीपींतला खरा फरक मला विचाराल तर ऑक्सिजनशी वागण्याचा. ऑक्सिजन कमी पडला की अंगातल्या रक्तवाहिन्या सैल होतात, फुप्फुसातल्या मात्र आवळतात. निरोगी माणसात ही सोयच आहे. जिथे हवा नाही त्या भागाकडे रक्त कशाला पाठवायचं? पण सगळंच फुप्फुस आजारी असेल तर सगळीकडेच दारं बंद व्हायला लागतात. म्हणून या बाळांना ऑक्सिजन हे औषध आहे. रक्तातला ऑक्सिजन साधारण 92 ते 95 टक्क्यांवर ठेवायला सांगतात, आणि ते झोपेत, दूध पिताना, रडतानाही टिकायला हवं. "सवय लागेल" म्हणून नाकातली नळी दुपारभर काढून ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. कळवळून सांगते, ऑक्सिजनची सवय लागत नाही. नळी काढलेल्या त्या तासांत रक्तवाहिन्या आवळलेल्याच राहतात आणि उजवा कप्पा त्याविरुद्ध झगडत असतो. लाइट जाते हे धरून कॉन्सन्ट्रेटरशेजारी (हवेतून ऑक्सिजन काढून देणारं विजेवरचं यंत्र) भरलेला सिलिंडर ठेवा. सांगलीहून महाबळेश्वरला, म्हणजे सुमारे 1,350 मीटरवर गेलं की श्वासातला ऑक्सिजन दहाएक टक्क्यांनी घटतो. आपल्याला जाणवत नाही, या बाळाला जाणवतो. जावळ, नवस, पाहुणे यासाठी घाट चढायचा असेल तर आधी विचारा. उसाचं पाचट पेटलं असेल किंवा चूल चालू असेल तेव्हा बाळ त्या बाजूला नको.

औषधाचंही तसंच. आजींच्या गोळीचा इथे उपयोग नाही. ती हाताचं बीपी उतरवेल, फुप्फुसांचं नाही. इथे बऱ्याचदा सिल्डेनाफिल देतात. होय, पुरुषांच्या त्रासासाठी 1998 मध्ये आलेलं तेच औषध. फुप्फुसांच्या बीपीसाठी ते 2005 पासून मंजूर आहे. मेडिकलमध्ये कुणी विचित्र बघितलं म्हणून एका वडिलांनी लाजून ते आणणंच सोडलं. आठवड्यात बाळ परत आमच्याकडे, ओठ निळे. हे औषध एकदम तोडलं तर दाब उसळून वर येऊ शकतो. आणि मनानं वाढवायचंही नाही. मुलांना दीर्घकाळ मोठा डोस देण्याबद्दल अमेरिकेच्या औषध खात्यानं 2012 मध्ये इशारा दिलेला आहे.

लहान मुलात हाताचं बीपी बहुतेक वेळा गप्प असतं. फुप्फुसांचं बीपी दिसतं, पण न्यूमोनिया किंवा कफ वाटावं असं. दूध ओढताना दमून सोडणं, कपाळावर घाम, वजन न वाढणं, सर्दी उतरली तरी ऑक्सिजन वाढवावा लागणं, रडता रडता काळंनिळं होणं. यातलं शेवटचं, किंवा भोवळ येऊन बाळ मऊ पडणं, दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. दूध वारंवार श्वासनलिकेत जात असेल तर तेही शोधावं लागतं, नाहीतर बाकीचे इलाज लागू पडत नाहीत.

हवेचे फुगे जन्मानंतर पहिली दोन-तीन वर्षं जोरात वाढतात, नव्या रक्तवाहिन्याही त्यांच्याबरोबर येतात. त्यामुळे यातल्या बऱ्याच बाळांचा दाब फुप्फुस वाढेल तसा उतरतो. आजींना मी हे कागदावर दोन कप्पे काढून सांगितलं. पुढच्या तपासणीला त्या नातीला कडेवर घेऊन आल्या, पदराखालून नळी, सुनेच्या खांद्यावर छोटा सिलिंडर. मी हाताचा पट्टा बांधायला घेतला तशा म्हणाल्या, "हा डावीकडचा ना? उजवीकडचा कधी बघणार?"