प्रेमकथा म्हणजे शोजो? तसं नाही

कॉलेजातल्या कोवळ्या प्रेमाची मांगा (जपानी चित्रकथा) दिसली की लगेच कोणीतरी सांगतं, ‘ही शोजो, म्हणजे मुलींची प्रेमकथा.’ हा समज बराच जुना आहे, आणि तो होणं साहजिकही आहे, कारण शोजोत प्रेमकथा खरोखरच भरपूर असतात.

पण शोजो हा कथेचा प्रकार नव्हे. जपानीत त्याचा अर्थ ‘मुलगी’, शोनेन म्हणजे ‘मुलगा’, सेइनेन म्हणजे ‘तरुण पुरुष’. मांगा सहसा आधी मासिक-साप्ताहिकात क्रमशः छापली जाते आणि ते नियतकालिक ज्या वाचकासाठी निघतं, त्याचं लेबल तिला चिकटतं. बस, एवढंच.

उदाहरणं बघा. ‘होरीमिया’ शाळकरी प्रेमाचीच गोष्ट, पण छापली गेली शोनेन मासिकात. ‘मेझोन इक्कोकु’ १९८० ते १९८७ या काळात सेइनेन नियतकालिकात आली. उलट ‘नात्सुमेज बुक ऑफ फ्रेंड्स’ शोजो मासिकातली, आणि तिच्यात आहेत भुतंखेतं!

पडताळायचं तर चित्रांतले मोठे डोळे, उधळलेली फुलं बघून ठरवू नका. मालिका पहिल्यांदा कुठे छापली गेली ते शोधा. जपानी खंडाच्या मुखपृष्ठावर प्रकाशनमालेचं नाव असतं. ‘किमि नि तोदोके’ या मांगावर ‘मार्गारेट कॉमिक्स’ ही मुलींसाठीची माला दिसेल, म्हणजे ती खरंच शोजो.

रेटिंग देताना मात्र हे लेबल बाजूला ठेवलेलं बरं. ‘शोजो असून प्रेम कमी’ म्हणून दोन तारे कापणं मला तरी पटत नाही.