एक्स-रेमध्ये न दिसणारी भेग

साठीच्या आसपासच्या माणसाचा गुडघा एकाएकी ठणकू लागतो, रात्रीही दुखणे थांबत नाही. एक्स-रे काढला तर त्यात विशेष काही नसते. मग बहुतेक वेळा ‘वयोमानाने झीज’ एवढ्यावरच निदान संपते. यांतल्या काहींच्या मांडीच्या हाडाच्या टोकाला, कूर्चेच्या, म्हणजे सांध्यातल्या हाडावरच्या गुळगुळीत आवरणाच्या, लगेच खाली, बारीक भेग गेलेली असते. हाड विरळ झाले की रोजच्या चालण्याचा भारही त्याला पेलत नाही, त्यामुळे पडल्या-धडपडल्याशिवायही ती जाते.

हे दुखणे 1968 मध्ये स्वीडनच्या स्वेन आल्बेक आणि सहकाऱ्यांनी स्वतंत्र आजार म्हणून मांडले. किरणोत्सारी द्रव्य टोचून केलेल्या स्कॅनमध्ये दुखरी जागा ठळक उठून दिसे. रक्तपुरवठा तुटून हाडाचा तुकडा मरतो, असे त्यांना वाटले आणि तीच समजूत पुढे तीन दशके टिकली. ती खोडली ताकुआकी यामामोतो आणि पीटर बुलो या संशोधकांनी, 2000 साली. सांधेबदलात काढलेली हाडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर त्यांना आधी भेग आणि नंतर, तिच्यावरच्या छोट्या भागापुरते, मेलेले हाड असा क्रम दिसला. माझ्या मते या इतिहासातला हाच सर्वांत मोलाचा टप्पा आहे, कारण आजाराचे मूळ वेगळे ठरले की उपचारही बदलतात.

तोवर एमआरआय रुळला होता. एक्स-रेमध्ये हाडातला कॅल्शियम दिसतो, मज्जेत साचलेले पाणी, म्हणजे सूज, दिसत नाही. एमआरआयमध्ये मज्जेतल्या चरबीकडून येणारा संकेत दाबला की हीच सूज पांढरी चमकते आणि तिच्यात भेगेची काळी रेघ सापडते, तीही एक्स-रेत बदल दिसण्याच्या कितीतरी आधी.

पुढे आणखी एक दुवा जुळला. यांतल्या बऱ्याच गुडघ्यांत आतल्या बाजूच्या गादीचे (दोन हाडांमधल्या चकतीचे, म्हणजे मेनिस्कसचे) मागचे मूळ, म्हणजे ती हाडाला जोडलेली असते ते टोक, तुटलेले आढळते. मूळ सुटले की गादी बाहेर सरकते आणि सगळा भार थेट हाडावर येतो. अहवालात ‘गादी फाटली आहे’ एवढेच वाचून दुर्बिणीने ती छाटली, तर उरलासुरला आधारही जातो. म्हणून अहवाल वाचताना गादीइतकेच तिच्या शेजारच्या हाडाकडेही लक्ष हवे. भेग लवकर सापडली आणि सांध्याचा पृष्ठभाग खचलेला नसेल, तर काही आठवडे कुबड्या घेऊन भार कमी करणे आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढणे एवढ्यावरही अनेकांचे हाड सांधते.