बांधकाम व्यवसायातील सतत सुधारणा : सोलापूर परिसर

कामात दिसलेली चूक, खोळंबा किंवा नासधूस तिथल्या तिथे नोंदवायची, तिचे कारण शोधायचे, पुढच्या खेपेला पद्धत बदलायची आणि बदललेली पद्धत सगळ्या साइटवर रुळवायची, हा बांधकाम कंपनीचा रोजचा रिवाज झाला की त्याला सतत सुधारणेची संस्कृती म्हणतात. नवे यंत्र विकत घेणे किंवा वर्षातून एकदा प्रशिक्षण भरवणे म्हणजे ही संस्कृती नव्हे. गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आयएसओ ९००१ या मानकात सतत सुधारणेचे कलम आहे, पण प्रमाणपत्र मिळाले म्हणून साइटवरची सवय बदलत नाही. गवंडी, सेंट्रिंगवाला (काँक्रीटचा साचा आणि टेकू उभारणारा), फिटर (सळई बांधणारा) आणि बिगारी यांच्या हातून प्रत्यक्ष काम होते. त्यांनी पाहिलेली अडचण मालकापर्यंत पोचते का, यावरच बाकी सारे अवलंबून असते.

हा विचार कारखान्यांतून आला. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी १९५० मध्ये जपानमधील अभियंत्यांना आणि उद्योगपतींना गुणवत्ता नियंत्रणावर व्याख्याने दिली. १९६२ पासून काओरू इशिकावा यांच्या पुढाकाराने तिथे कामगारांची गुणवत्ता मंडळे सुरू झाली. टोयोटात ताइची ओनो यांनी वाया जाणारा वेळ, माल आणि हालचाल शोधून काढण्याची शिस्त बसवली. ‘कायझेन’, म्हणजे सतत सुधारणा, हे जपानी नाव जगभर गेले ते याच वाटेने. बांधकामाकडे हा विचार उशिरा वळला. लाउरी कोस्केला यांनी १९९२ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील आपल्या अहवालात त्याची सैद्धांतिक मांडणी केली. १९९७ मध्ये ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी अमेरिकेत लीन कन्स्ट्रक्शन (नासधूस टाळणारे बांधकाम) इन्स्टिट्यूट स्थापन केली.

उशीर होण्याचे कारण या धंद्याच्या रचनेतच आहे. कारखान्यात माणूस जागेवर असतो आणि माल त्याच्यापुढून सरकतो. बांधकामात इमारत जागेवर असते आणि माणसांच्या टोळ्या तिच्यातून सरकत जातात. सेंट्रिंगची टोळी गेली की फिटर येतात, मग स्लॅब पडतो, मग वीटकाम, झिऱ्या (पाइपांसाठी भिंतीत पाडलेल्या खाचा), प्लंबिंग, गिलावा. एका टोळीने शिकलेला धडा बहुतेक वेळा त्या टोळीबरोबरच दुसऱ्या ठेकेदाराकडे जातो. कंपनीच्या हाती फक्त बिल उरते. हा धडा कंपनीत थांबवून ठेवणे, हे मला या साऱ्या विषयातले सर्वांत अवघड काम वाटते.

सोलापूरला ठेकेदारीची जुनी परंपरा आहे. हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनीचे (१९२६) संस्थापक वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापुरात झाला आणि त्यांच्या उद्योगाची सुरुवात रेल्वेच्या ठेक्यांपासून झाली. आजच्या सोलापुरातील बहुतेक बांधकाम मात्र मध्यम आणि लहान कंपन्यांकडे आहे. तिथे मालक स्वतः साइटवर फिरतो, हा सुधारणेच्या दृष्टीने मोठा फायदा आहे. गवंड्याला दिसलेली अडचण त्याच दिवशी मालकाच्या कानावर जाऊ शकते.

इथली जमीन, ऊन आणि पाणी या तिन्ही गोष्टी कामाची कसोटी पाहतात. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून पाया मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्यावा लागतो आणि जोत्यात मुरूमच भरावा लागतो. खोदलेली काळी माती वाहतूक वाचवण्यासाठी पुन्हा जोत्यात ढकलली, तर दोन पावसाळ्यांत फरशी उचलल्याच्या तक्रारी येतात. बोअरचे पाणी अनेक ठिकाणी क्षारयुक्त असते. आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकाप्रमाणे लोखंडी सळईच्या काँक्रीटसाठी वापरायच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, म्हणून नव्या बोअरचे पाणी आधी तपासून घ्यावे लागते.

उन्हाचा प्रश्न जरा सविस्तर पाहण्यासारखा आहे, कारण सुधारणेची रीत त्यात नीट दिसते. एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा दिवसांत ओतलेल्या स्लॅबवर काही तासांतच बारीक भेगा उमटतात. नेहमीचा उपाय म्हणजे सिमेंटची रबडी ओतून थापीने भेगा बुजवणे. भेग दिसेनाशी होते, कारण तसेच राहते. आता कारणामागचे कारण विचारत जावे. भेग का पडली? वरचे पाणी फार लवकर उडाले. का उडाले? काम भर दुपारपर्यंत चालले. दुपारपर्यंत का चालले? सकाळी दहाला सुरू झाले. उशिरा का सुरू झाले? इंजिनिअर सळई तपासायला सकाळी आले, काही ठिकाणी कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून ठरल्या अंतरावर ठेवणारे ठोकळे) नव्हते, ते बसवण्यात दोन तास गेले. म्हणजे स्लॅबच्या भेगेचे मूळ आदल्या संध्याकाळी न झालेल्या तपासणीत निघाले. उपायही तिथेच आहे. सळई, कव्हर ब्लॉक, टेकू आणि पाइपांची तपासणी आदल्या दिवशी दिवस मावळायच्या आत संपवायची, काँक्रीट पहाटे सुरू करायचे, ओले गोणपाट आधीच तयार ठेवायचे. या बदलाला फारसा खर्च नाही. फक्त तपासणीची वेळ ठरवून ती पाळावी लागते.

पुढची पायरी पाणी मारण्याची. कोरड्या, उष्ण हवेत काँक्रीट किमान १० दिवस ओले ठेवावे, असे आयएस ४५६ सांगते. मिश्र सिमेंट (राख किंवा स्लॅग मिसळलेले) असेल तर हा काळ १४ दिवसांपर्यंत वाढवण्याची शिफारस आहे. शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येते, त्यामुळे ‘पाणी मारा’ एवढी सूचना पुरत नाही. चांगल्या साइटवर स्लॅबवर आळी करून पाणी साठवतात, कॉलमला गोणपाट गुंडाळतात आणि कॉलमवर ओतल्याची तारीख रंगाने लिहितात. त्या तारखेमुळे वॉचमनलाही कळते की कुठे पाणी चालू ठेवायचे आहे आणि कुठे थांबवायचे आहे. टाकी भरून घेणे हे काम आठवड्याच्या नियोजनात नावानिशी कुणाकडे तरी दिलेले असते.

सेंट्रिंग काढण्याच्या घाईमागे हिशोब असतो. ठेकेदाराला चौरस फुटावर पैसे मिळतात आणि साच्याच्या प्लेटा दुसऱ्या साइटवर लवकर हव्या असतात. ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस आणि त्याहून लांब गाळ्याचे १४ दिवस ठेवावेत, हा नियम त्याला माहीत असतो. तरी उपदेशाने फरक पडत नाही. बिलाचा काही भाग टेकू ठरल्या तारखेला काढल्यानंतरच द्यायचा, किंवा प्लेटांचा जादा संच कंपनीने घ्यायचा, अशी व्यवस्था केली तर पडतो. सुधारणेच्या आड येणारा पैशाचा हिशोब न बदलता माणसाला दोष देणे अन्यायाचे आहे.

नियोजनासाठी बॅलार्ड आणि हॉवेल यांची ‘लास्ट प्लॅनर’ पद्धत मोठ्या कंपन्या वापरतात, पण तिचा गाभा लहान साइटवरही चालतो. शनिवारी सर्व टोळ्यांचे मुकादम एकत्र बसतात आणि पुढच्या आठवड्यात काय पुरे करू ते स्वतःच्या तोंडाने सांगतात. पुढच्या शनिवारी मोजतात. समजा २० कामे कबूल केली आणि १३ झाली, तर प्रमाण ६५ टक्के. या आकड्यापेक्षा उरलेल्या ७ कामांपुढे लिहिलेले कारण जास्त मोलाचे असते. खडी आली नाही, नकाशा बदलला, प्लंबरने वाट अडवली, माणसे गावी गेली. दोन-तीन महिने कारणे लिहिली की तीच तीच पुन्हा दिसू लागतात. सोलापुरात काही कारणे तर पंचांगातून आधीच कळतात : जानेवारीतली सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा, आषाढीची वारी, ऊसतोडीचा हंगाम. सप्टेंबरचा जोराचा पाऊसही दरवर्षीचाच. ही कारणे दर वर्षी ‘अचानक’ म्हणून नोंदवणे थांबले, तरी बरेच साधते.

कामगार बोलतील की नाही, हा नाजूक भाग आहे. चूक सांगितली की हजेरी कापली जाते, असा एकदा अनुभव आला की पुढची चूक गिलाव्याखाली जाते. इथल्या साइटवर मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि हिंदी चालते. सूचना फलकावर मराठीत चिकटवण्यापेक्षा सकाळी दहा मिनिटे उभ्याउभ्या, ज्याच्या त्याच्या भाषेत बोललेले जास्त पोचते. ओळंबा लावून एखाद्या गवंड्याने भिंत कलल्याचे स्वतः दाखवले, तर ती पाडून बांधण्याचा खर्च कंपनीने सोसावा आणि सगळ्यांसमोर त्याचे नाव घ्यावे. हा खर्च पुढे लपलेल्या चुकांपेक्षा स्वस्त पडतो.

एकच घर पुन्हा पुन्हा बांधायचे असेल तेव्हा या रीतीचा सर्वाधिक उपयोग होतो. कुंभारीजवळ असंघटित कामगारांसाठी उभ्या राहिलेल्या रे नगर या ३०,००० घरांच्या योजनेतील १५,००० घरांचे हस्तांतरण १९ जानेवारी २०२४ रोजी झाले. एवढ्या प्रमाणावर पहिल्या घरातली न्हाणीच्या उताराची चूक हजारो न्हाण्यांत जाऊ शकते आणि पहिल्याच घरात केलेली दुरुस्ती तितक्याच ठिकाणी कामी येते. म्हणून अशा कामात नमुना घर आधी बांधून, त्यात पाणी सोडून, गवंडी आणि प्लंबर दोघांना सोबत घेऊन ते तपासतात.

रेरा या स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या (२०१६) कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामातील दोष निदर्शनास आला, तर तो ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करणे विकासकावर बंधनकारक आहे. बहुतेक कंपन्या ही कामे देखभालीच्या माणसाकडे सोपवून मोकळ्या होतात. तक्रारीच्या वहीत फ्लॅट क्रमांकाबरोबर ते काम कोणत्या टोळीने, कोणत्या महिन्यात, कोणत्या तपशिलाने केले हेही लिहिले आणि नव्या इमारतीचा नकाशा मंजुरीला जाण्यापूर्वी ती वही आर्किटेक्टच्या टेबलावर ठेवली, तर गळणाऱ्या न्हाणीचा तपशील पुढच्या नकाशातच बदलता येतो.